डाव्या पायाचा पट्टा

वहिनीने ओल्या फडक्यांचं गाठोडं आणलं आणि सरळ ऐरणीवर आपटलं.

थोरल्याचा हातोडा हवेतच राहिला. समोर पेरणीच्या तोंडावरची गर्दी होती. कुणाचा फाळ, कुणाचा विळा, कुणाची कुऱ्हाड. गाठोड्यातलं पाणी तापल्या ऐरणीवर उतरलं, चर्र वाजलं, आणि असा भपकारा उठला की पुढे रेलून उभी असलेली माणसं नाक दाबत मागे सरली.

"डोकं फिरलं का तुझं?" थोरला ओरडला.

"विहिरीत बादली टाकली तर अर्धा चिखल येतो. त्यात भावजींची फडकी धुऊ की तुम्हाला प्यायला देऊ? दोन्ही व्हायचं नाही. काय ते सांगा. इथेच सांगा, सगळ्यांसमोर."

सगळ्यांसमोर म्हटल्यावर सगळ्यांना मजा वाटली.

"आधी ते उचल बाई, माझ्या फाळाला वास लागेल," एकजण म्हणाला.

"लागू दे की. खत वेगळं घालायला नको," दुसरा म्हणाला, आणि गर्दी खदाखदा हसली. आपल्या रानात ओल नाही, विहिरी तळाला गेल्या, तरी दुसऱ्याच्या लघवीवर हसायला या लोकांकडे दम होता.

ज्याची फडकी होती तो भट्टीच्या मागे गोणपाटाच्या पडद्याआड बसून भाता मारत होता. थोरल्याचा धाकटा भाऊ. गाव त्याला ओल्या म्हणायचं, आणि तोंडावर म्हणायचं. गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना सगळी गाडी त्याच्या पाठीवर आली होती. चाकामागे दगड लावायचं काम थोरल्याचं. थोरला तेव्हा चहाला गेला होता. यावर घरात कधी कुणी बोललं नाही. थोरला तर नाहीच नाही. धाकट्याचा मणका गेला, उजवा पाय वाळला, डावा निम्माशिम्मा राहिला, आणि लघवीवरचा ताबा गेला तो गेलाच.

त्याच्या आधी ऐरणीवर धाकटाच बसायचा. कुऱ्हाडीला पाणी द्यावं तर त्यानेच, असं हेच लोक म्हणायचे. पण गळणाऱ्या माणसासमोर उभं राहून कुऱ्हाड कोण करून घेणार? थोरल्याने त्याला मागे नेला, पुढे पडदा टांगला आणि ऐरणीवर स्वतः बसला. धाकट्याचा पाय भात्याच्या फळीवरून घसरायचा, म्हणून फळीला चामड्याचा पट्टा ठोकला आणि त्यात त्याची डावी पोटरी करकचून आवळली. पायाने वारा घालायचा, हाताने भट्टीतलं लोखंड फिरवायचं. दोन माणसांचं काम एका लुळ्या माणसाकडून काढून घ्यायचा आणि गावभर सांगत फिरायचा, भावाला पोसतोय.

गर्दीत दवाखान्यातली नर्सबाई कात्री घेऊन उभी होती. ती म्हणाली, "शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात एक ऑपरेशन करतात. पायाकडची नस घेऊन लघवीच्या पिशवीकडच्या नसेला जोडतात. फुकट करतात. त्यांनाच माणसं हवी आहेत."

"पेरणी उरकू दे, मग बघू," थोरला म्हणाला.

"मग तोवर गाठोडंही इथेच राहू दे," वहिनी म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

पडद्याआडून भात्याचा आवाज थांबला होता. "मी जाणार," धाकटा आतून म्हणाला. भट्टी विझत आली तसा थोरलाही नरम पडला.

*

हॉस्पिटलात मोठा डॉक्टर यायचा तो घोळक्यानेच यायचा. पुढे तो, मागे शिकाऊ डॉक्टरांचा कळप, सगळ्यांच्या मागे एक नर्स. त्याने खाटेशी येऊन, न विचारता, धाकट्याच्या अंगावरची चादर उचलली. कळपाने माना लांब केल्या. आतलं फडकं ओलं होतं. एका शिकाऊ पोरीने तोंड फिरवलं. तेवढी एकटी माणसात होती म्हणायची.

"काम काय करतो?" डॉक्टरने थोरल्याला विचारलं. धाकटा समोर डोळे उघडे ठेवून पडलेला होता, तरी थोरल्यालाच.

"लोहार आहोत साहेब."

"वा, छान."

लोहार म्हणजे दिवसभर काय करतो, कुठे बसतो, कोणता पाय कुठे अडकवतो, हे विचारायची गरज त्या छान माणसाला वाटली नाही. त्याने खिशातून पेन काढलं आणि धाकट्याच्या डाव्या पोटरीच्या बाहेरच्या अंगाला एक रेघ ओढली. शाळेच्या फळ्यावर ओढतात तशी.

"या जागेकडून मणक्यात निरोप जातो तो तसाच ठेवायचा," तो कळपाला म्हणाला. "मणक्यातून पायाकडे परत येणारी नस कमरेत तोडायची आणि पिशवीच्या नसेला शिवायची. म्हणजे इथे खाजवलं की हुकूम पायाला न जाता पिशवीला जाईल. पिशवी आवळेल. पेशंट पाहिजे तेव्हा पोटरी खाजवणार, पाहिजे तेव्हा मोकळा होणार."

"नक्की होईल?" धाकट्याने विचारलं.

डॉक्टरने पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "सगळ्यांना लागू पडत नाही. नस वाढायला आठ-दहा महिने लागतात, कधी जास्त. तोवर नळी घालून लघवी काढायची, वेळच्या वेळी. त्यात आळस केलास तर मूत्रपिंडं जातील, मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

"पाय राहील ना साहेब?" थोरला मध्येच घुसला. अख्ख्या हॉस्पिटलात त्याने मनापासून विचारलेला हा एकच प्रश्न. "खाली दाबायला तरी?"

"दाबायची ताकद राहील. पंजा वर उचलायला जरा कमी पडेल."

"मग करा," थोरला म्हणाला. फळीला वर आणायला स्प्रिंग होती. पंज्याशी त्याला काय देणंघेणं?

वहिनी जेवण घेऊन आली तेव्हा धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"घाबरलात का भावजी?"

"नाही. कोरडा झालो की पुढे बसणार मी. ऐरणीवर. पडदा फाडून टाकणार."

"आधी कोरडे व्हा," वहिनी म्हणाली आणि डबा उघडला. "दादांना आत्ताच सांगू नका मात्र. उठवून घरी नेतील."

*

पाठीची जखम भरली, टाके निघाले, आणि थोरल्याने त्याला परत फळीला बांधला. आता खिशात नळी असायची. दिवसातून ठरलेल्या वेळी काठ्या टेकत मागच्या खोलीत जायचं, हात साबणाने धुवायचे, नळी घालायची, डब्यात काढायची. अधल्यामधल्या वेळी गळायचं ते गळायचंच.

संध्याकाळी भट्टी विझली, अंग धुतलं, की धाकटा खाटेवर बसून पोटरी खाजवायचा. डॉक्टरने दाखवलेली जागा त्याने कोळशाने गोल करून ठेवली होती. नखांनी खाजवायचा, कंगव्याने खाजवायचा, चिमटे काढायचा. खाली डबा लावलेला. डबा कोरडाच राहायचा.

गावाला हे कळलं, कारण थोरल्यानेच चहाच्या टपरीवर सांगितलं. मग रोज कुणी ना कुणी डोकवायचं.

"आलं का रे ओल्या?"

"जरा वर खाजव. नाही, डावीकडे."

"माझ्या म्हशीलाही असंच केलं होतं, ती लाथ मारून मोकळी झाली."

टपरीवाल्याने तर बाकावर बसून आपलीच पोटरी खाजवायची आणि "अरे अरे, आली आली" करत पळायची नक्कल बसवली होती. लोक त्यावर दुसरा चहा मागवायचे. शहाणीसुरती, घरी पोरंबाळं असलेली माणसं. यातल्या एकाचीही लघवी एक दिवस तुंबली असती तर त्याने गाव डोक्यावर घेतलं असतं.

हिवाळा सरला तसं आणखी वाईट झालं. भाता मारता मारता धाकटा पूर्वीपेक्षा जास्त भिजायला लागला. आधी थेंबाथेंबाने गळायचं. आता एकदम धार सुटायची आणि बसायचं पोतं चिंब व्हायचं. कामाला बसून घटका झाली नाही तोच. नळीची वेळ होईपर्यंत डब्यात काढायला काही उरायचंच नाही. आणि संध्याकाळी खाजवून खाजवून पोटरी लाल झाली तरी डबा कोरडा.

"फसलं ऑपरेशन," थोरला म्हणाला. "उगाच पाठ फाडून घेतलीस. आता गप कामाला लाग."

धाकट्यालाही तसंच वाटलं. त्याने नुसतं "हं" केलं. कोळशाचा गोल पुसला गेला होता, तो त्याने परत काढला नाही.

मग एक दिवस भात्याचं कातडं फाटलं. थोरला नवं कातडं आणायला बाजाराच्या गावी गेला. भट्टी बंद, सगळीकडे शांत. वहिनी अंगणात धान्य निवडत होती आणि धाकटा खाटेवर पाय लांब करून रिकामा बसला होता. पोटरीला पट्ट्याचे वळ पडले होते, त्यांना खाज सुटली. त्याने खाजवलं. हेतू काही नव्हता, माणूस खाजवतो तसं.

आणि धार लागली.

डबा लावलेला नव्हता. खाट भिजली, खालची माती भिजली. धाकट्याने हात काढला. धार थांबली. त्याने परत नख लावलं. परत लागली.

"वहिनी," तो ओरडला. "वहिनी, इकडे या."

ती सूप टाकून धावत आली. तिला वाटलं पडला. तिने पाहिलं, डबा आणून धरला, आणि तो खाजवत राहिला, आणि डब्यात खळखळ आवाज येत राहिला. तिने कधी कुठल्या आवाजाकडे एवढं कान देऊन ऐकलं नव्हतं.

"मग इतके दिवस का येत नव्हती?" ती म्हणाली.

धाकटा पोटरीवरच्या वळांकडे बघत होता. पट्टा बरोबर त्याच जागेवर आवळलेला असायचा, जिथे डॉक्टरने पेनाने रेघ ओढली होती. फळी खाली, फळी वर, पट्टा घासतोय. दिवसभर घासतोय.

"येतच होती," तो म्हणाला. "दिवसभर भाता मला खाजवत होता. संध्याकाळी मी रिकाम्या पिशवीला खाजवत बसायचो."

वहिनी आधी हसली. मग तिने पदर तोंडात कोंबला, आणि मग दोघंही हसायला लागली, ओल्या मातीत, वेड्यासारखी. भाता तीन दिवस बंद राहिला. पिशवी वेळच्या वेळी रिकामी झाली की गळायला काही उरत नव्हतं, त्यामुळे त्या तीन दिवसांत फडक्यांचं गाठोडं झालं नाही. दोरीवर एकच फडकं होतं, आणि तेही वाळलेलं.

*

भाता सुरू झाला, पट्टा आवळला आणि पोतं परत चिंब झालं. थोरला त्याला तपासणीला घेऊन गेला तो भांडायच्या तयारीने. डॉक्टरने ऐकून घेतलं. मग त्याचा चेहरा असा उजळला की जणू त्यालाच मोकळं व्हायला मिळालं.

"म्हणजे पट्ट्याच्या घासण्याने सुद्धा सुटते? उत्तम! ऐकलंत का, इकडे या सगळे!" कळप धावला. धाकट्याला पँट गुडघ्यावर चढवायला लावलं. एकाने मोबाइलवर पोटरीचे फोटो काढले, एकाने व्हिडिओ.

"पण साहेब, कामाचं काय?" थोरला म्हणाला. "पट्टा बांधला की हा मुततो."

"मग पट्टा बांधू नका," डॉक्टर म्हणाला.

"पट्टा नाही तर पाय फळीवर राहत नाही."

"मग दुसरं काम द्या. हा तुमचा प्रश्न आहे." त्याने धाकट्याच्या पाठीवर थाप मारली, जिथे मारायला नको होती बरोबर तिथे. "अभिनंदन. फार सुंदर रिझल्ट आहे."

घराजवळ आल्यावर थोरला म्हणाला, "शिकलेली माणसं. पाय एकाचा, कौतुक दुसऱ्याचं." त्याच्या तोंडून आयुष्यात एवढी एकच गोष्ट खरी निघाली, आणि तीसुद्धा भात्याच्या काळजीने.

*

परत पेरणी तोंडावर आली. या खेपेला ढगही होते, त्यामुळे भट्टीपुढे माणसं अशी दाटली की पाय ठेवायला जागा नाही. नवं कातडं चढवलेला भाता तयार होता. थोरल्याने पडदा सरळ केला आणि फळीचा पट्टा मोकळा करून ठेवला.

"ये. बस."

धाकटा काठ्यांवर उभा होता. अंगात धुतलेला कोरडा सदरा. "मी पट्टा बांधणार नाही, दादा."

"मग लोखंड काय फुंकर मारून तापवू?"

"मी ऐरणीवर बसतो. फाळ मी करतो. तू घण मार, भाता दुसरं कुणीतरी मारेल."

भांडण आहे म्हटल्यावर या लोकांचे कान आपोआप उभे राहतात.

थोरला हसला. गर्दीकडे बघून हसला, साक्षीदार करून. "ऐकलंत? हा ऐरणीवर बसणार, आणि मी याच्या हाताखाली घण मारणार." मग धाकट्याकडे वळला. "अरे, बांध की पट्टा आणि मूत. वर्षानुवर्षं मुततच होतास ना? तेव्हा लाज नव्हती, आता कुठून आली?"

हशा पिकला.

"मुतत नव्हतो," धाकटा म्हणाला. "गळत होतो. दिवसभर, तुझ्या पडद्यामागे. मुतायला मी आत्ता कुठे लागलोय, आणि ते माझं मी ठरवणार. कधी, ते तुझ्या भात्याने ठरवायचं नाही."

"तोंड बघ याचं. मी पोसलं म्हणून आहेस."

"तू दगड लावला असतास तर कुणी कुणाला पोसायची वेळ आली नसती."

कधी न बोललेली गोष्ट अशी भर गर्दीत येऊन पडली. थोरल्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणी त्याच्या बाजूने हसलं नाही, कारण कुठल्या बाजूने हसायचं ते अजून कुणाला कळत नव्हतं.

धाकट्याने कमरेचा चाकू काढला, फळीशी वाकला आणि पट्टा कापला. जाड, घामाने आणि मुताने कडक झालेलं कातडं. एका फटक्यात कापलं गेलं नाही, करवतावं लागलं. सगळे बघत राहिले. पट्टा भट्टीत गेला तेव्हा अशी घाण सुटली की गर्दी पुन्हा एकदा मागे सरली. मग तो ऐरणीशी आला, काठ्या टाकल्या, हात टेकून खाली बसला आणि सांडशी उचलली.

"ऊठ," थोरला म्हणाला.

"नाही उठत."

"मी मारते भाता," वहिनी म्हणाली. ती कधी आली ते कुणाला दिसलं नव्हतं. तिने हाताने ओढायची जुनी साखळी शोधून भात्याला अडकवलीही होती. "फडकी धुवायची नाहीत आता. हात रिकामेच आहेत माझे."

थोरल्याने हातोडा खाली फेकला. "करा. करा तुम्ही दोघं. घण कोण मारतो बघू. पाया पडत याल," असं म्हणत तो टपरीकडे निघून गेला. जाताना दोनदा थांबला. कुणी हाक मारली नाही.

लांबच्या वस्तीवरचा एक शेतकरी पुढे होता. त्याचा फाळ लाल झाला होता. धाकट्याने तो सांडशीत धरून ऐरणीवर ठेवला आणि त्या माणसाकडे पाहिलं.

"घण उचल."

"मी?"

"तुझाच फाळ आहे. का पेरायचं नाही यंदा?"

त्याने उचलला. पहिला घाव भलतीकडेच बसला, ठिणग्या उडाल्या.

"डोळे कुठेत तुझे? मी छोटी हातोडी वाजवतो तिथे मार. माझ्या मांड्यांकडे काय बघतोस? कोरड्या आहेत."

कुणीतरी फिसकन हसलं, आणि या खेपेला घणवाला लाजला. दुसरा घाव बरा पडला, तिसरा चांगला. फाळाला धार आली, धाकट्याने तो पाण्यात बुडवला, वर काढून रंग उतरताना पाहिला, परत बुडवला. किती वर्षांनी हे तो स्वतःच्या हाताने करत होता. शेतकऱ्याने अंगठा फिरवून पाहिला आणि बाजूला झाला. मागून लगेच दुसरा घुसला. काल ज्याला नाक दाबून बोलत होते त्याच्यापुढे आता पहिला नंबर लागावा म्हणून कोपराने ढकलाढकली सुरू झाली. या लोकांना ना कालची लाज, ना आजची.

पाच-सहा फाळ झाले तेव्हा गर्दीच्या कडेला थोरला येऊन उभा राहिला होता. टपरीवर त्याच्याशी कुणी बोललं नसावं. सगळं गाव इथेच होतं. धाकट्याने वर न बघता सांगितलं, "दादा, घण घे. यांच्याने होत नाही. लोखंड वाया चाललंय."

थोरला जागचा हलला नाही. लोखंड ऐरणीवर काळवंडत चाललं होतं. लोहाराच्या घरात जन्मलेल्या माणसाला ते बघवत नाही, मग तो कितीही हलकट असो. तो पुढे आला, घणकऱ्याच्या हातातून घण हिसकला, हातावर थुंकला. धाकट्याने हातोडीने जागा दाखवली. थोरल्याने तिथे घाव घातला. धाकट्याने हातोडी सरकवली. घाव सरकला. वहिनीची साखळी खरखरत होती.

ऊन डोक्यावर आलं. समोर अजून निम्मी गर्दी शिल्लक होती, वर ढग दाटत होते, आणि एकेकाला घाई सुटली होती. भट्टीत तीन फाळ एकदम लाल होते. धाकट्याने हातोडी खाली ठेवली आणि काठ्यांकडे हात केला.

"आता काय?" थोरला घण उगारून म्हणाला.

"थांबा सगळे. मी मुतून येतो."

"अरे, लोखंड तापलंय! पाऊस येतोय!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मग लोखंड बाजूला ओढा. वारा कमी करा, वहिनी."

तो उठला. घाई न करता, एक काठी, मग दुसरी, असा गर्दीतून निघाला. लोकांना बाजूला सरून वाट द्यावी लागली. भट्टीच्या मागे जाऊन तो भिंतीला टेकला, डबा लावला आणि पोटरीला नख लावलं. धार डब्यावर वाजली. मोठ्याने वाजली, आणि चांगली लांब चालली. तिकडे थोरला घण धरून उभा होता, वहिनीच्या हातात साखळी होती, आणि सगळं गाव हातात हत्यारं घेऊन गुपचूप ती थांबायची वाट बघत होतं.